पिवळ्या प्लॅटी

त्या घरात पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं, मग चहा, आणि चहा संपायच्या आत बादलीची गोष्ट. पाण्याला, चहाला नको म्हणता यायचं. गोष्टीला नाही. आरेखक कपबशी बाजूला सारायचा, खुर्ची पुढे ओढायचा आणि सुरू व्हायचा, "नऊ वर्षं मी माशांचा एक वाण सांभाळला. नऊ वर्षं. आणि आमच्या हिने तो एका दुपारी, एका बादलीत बुडवला." मग तो थांबायचा. पाहुणे हसायचे. त्याची बायकोही बिस्किटांची बशी ठेवता ठेवता हसायची, कारण न हसणाऱ्या बाईला लोक खडूस म्हणतात आणि तेही नवऱ्याच्याच कानात जाऊन म्हणतात.

बारा वर्षं ही गोष्ट चालली. मुलाचं लग्न ठरवायला माणसं आली, त्यांनाही ती ऐकावी लागली. म्हणजे सून घरात आली त्याच्या आधी बादली तिच्या माहेरी पोचली होती. पुढे सूनबाई सुट्टीत राहायला आल्या की फरशी पुसायला बादली उचलताना हमखास म्हणायच्या, "आई, आत काही नाही ना?" सगळे पुन्हा हसायचे.

आरेखक पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचा. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. बायको रफू करायची. चार गल्ल्यांत तिला रफूवाली म्हणूनच ओळखत. कोटाला सिगारेटचं भोक पडो, शालीला कसर लागो, ती त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे उसवून घ्यायची आणि आडवा-उभा, एकाआड एक, असा भरायची की भोक कुठे होतं ते मालकाला सापडू नये. त्यासाठी तिच्याकडे मागच्या खोलीतली खिडकी होती. सकाळी उजाडल्यापासून चारपर्यंत तिथे सरळ, थंड उजेड यायचा. त्या उजेडात ती काळ्या कापडावर काळा धागा भरायची आणि तोंडाने गुणगुणायची.

आता बादलीची गोष्ट, पण आरेखक सांगतो तशी नव्हे.

त्याच्याकडे लाल स्वोर्डटेल होते. अंडी न घालता जिवंत पिल्लं देणारे, नराच्या शेपटीला खाली तलवारीसारखं टोक. मत्स्यप्रेमी मंडळाच्या जुन्या अध्यक्षांनी मरायच्या आधी दोन जोड्या त्याला दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, दुसरं रक्त यात येऊ देऊ नकोस. हा शब्द त्याने नऊ वर्षं पाळला, निदान त्याचं म्हणणं तसं. त्याच्या मोठ्या टाकीशेजारी, एकाच लाकडी स्टँडवर, मुलाची छोटी टाकी होती. तिच्यात सात प्लॅटी. प्लॅटी म्हणजे स्वोर्डटेलची चुलत भावंडं, बुटकी आणि गोलमटोल. दोघांची सोबत झाली की मिश्र पिल्लं होतात, आणि मादीचा नराशी एकदा संबंध आला की ती ते बीज पोटात कित्येक महिने राखून ठेवते. एका दिवसाची गाठभेट पुढच्या चार-पाच वेतांना पुरते.

आरेखक हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता, तेव्हा मोठ्या टाकीचा सांधा सुटला. पाणी स्टँडमध्ये मुरलं, फळी फुगली आणि सगळा डोलारा एका बाजूला कलला. रफूवाली घरात एकटी. बादल्या दोन, पण एकीत कालच साबणाचं पाणी कालवलेलं, आणि साबणाचा नुसता वास राहिला तरी मासे मरतात हे तिला माहीत होतं. तिने चहाची गाळणी घेतली आणि एकेक मासा उचलून चांगल्या बादलीत सोडला. एक्केचाळीस स्वोर्डटेल, सात प्लॅटी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काचवाला येऊन सांधा भरून गेला, तोवर ती दर दोन तासांनी भांड्याभांड्याने पाणी बदलत बसली. एकही मासा मेला नाही. हे शेवटचं वाक्य आरेखकाच्या गोष्टीत कधीच आलं नाही.

तो घरी आला. तिला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. त्याने विचारलं, "सगळे एकाच बादलीत?" आणि टाकीकडे वळला. तीन महिन्यांनी त्याने तिला टाकीपाशी बोलावलं. नव्या पिल्लांपैकी पाच-सहांच्या पाठीवरच्या पराशी काळा ठिपका होता. "बघ," तो म्हणाला, "तुझ्या बादलीतली पोरं."

ती तीन दिवस रडली. माशांसाठी कुणी रडतं का, असं तुम्ही म्हणाल. ती माशांसाठी नव्हतीच रडत. आपला नवरा नऊ वर्षं ज्या एका गोष्टीसाठी जगला ती आपण मातीत घातली, यासाठी रडत होती. चौथ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "माझी खोली घ्या. तिथे टाक्या मांडा. नर वेगळे, माद्या वेगळ्या ठेवा आणि वाण पुन्हा धुऊन काढा." त्याने आढेवेढे घेतले, पण आठवड्याभरात खिडकीसमोर आठ टाक्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीवर त्याच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी.

रफूवालीचं शिवणमशीन आणि खुर्ची स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात गेली. वर ट्यूबलाइट. तीन वर्षांत काळ्यावरचा काळा धागा दिसेनासा झाला, पाच वर्षांत निळ्यावरचा निळा. डॉक्टरांनी चष्म्याचे नंबर बदलून पाहिले आणि म्हणाले, बाई, या डोळ्यांना तुम्ही फार राबवलंत. मग ती पँट आखूड करणं, चेन बदलणं, बटणं लावणं, एवढंच करायला लागली. दारावर लावायला पाटी नवऱ्यानेच लिहून दिली. रफूचे काम बंद आहे. पाटीचं अक्षर पाहून लोक म्हणायचे, वा.

या वर्षी मासे आजारी पडले. पाठीवरच्या पराशी असलेला काळा ठिपका मिऱ्याएवढा व्हायचा, मग वाटाण्याएवढा, मग मासा एका अंगावर कलून पोहायचा आणि मरायचा. आरेखकाने मीठ घातलं, निळं औषध घातलं, पाणी तापवलं, पाणी थंड केलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मंडळाच्या चिटणीसांनी ओळखीची एक संशोधक मुलगी पाठवली. ती एका प्रयोगशाळेत माशांच्या गाठींवरच काम करत होती. तिने एक मासा काचेच्या ताटलीत घेतला, भिंगातून पाहिला आणि अलगद पाण्यात सोडला.

"काका, हे औषधाने जाणारं नाही," ती म्हणाली. "हा रोग बाहेरून आलेला नाही. हा काळा ठिपका मुळात ठिपकेवाल्या प्लॅटीचा. प्लॅटीच्या अंगात त्याला आवर घालणारंही काहीतरी असतं, म्हणून तिथे तो नुसता ठिपका राहतो. पण मिश्र पोरं तुम्ही पुन्हा पुन्हा स्वोर्डटेललाच जोडत गेलात, की आवर सुटत जातो आणि ठिपका तेवढा राहतो. मग तो वाढतच जातो."

"म्हणजे जितकं धुवायला जावं तितकं..."

"तितक्या गाठी. हो."

आरेखकाने खुर्ची पुढे ओढली. बादलीची गोष्ट सुरू झाली. मुलीने ती पूर्ण ऐकली, पण जिथे सगळे हसतात तिथे ती हसली नाही. तिने विचारलं, "त्या सात प्लॅटी ठिपकेवाल्या होत्या का?"

"होत्या की. चांगल्या ठसठशीत ठिपक्यांच्या."

रफूवाली चहा घेऊन दारात उभी होती. बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तिने त्या साती जणी गाळणीत धरल्या होत्या. पिकल्या लिंबाच्या सालीचा पिवळा, अंगावर दुसऱ्या रंगाचा कणही नाही. तिच्या रिळांच्या डब्यात दुसऱ्या ओळीतलं तिसरं रीळ त्याच रंगाचं होतं. बाई एक वेळ मुलाचा वाढदिवस विसरेल, पण जिने जन्मभर कापडाला धागा जुळवला ती रंग विसरत नाही.

"आणि त्या पिवळ्या असत्या तर?" तिने विचारलं. "नुसत्या पिवळ्या?"

"मग त्यांच्याकडून ठिपका कसा येईल, काकू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"बारा वर्षं झाली त्याला," आरेखक म्हणाला. "हिला काय आठवतंय."

मुलगी गुरुवारी नमुने न्यायला येते म्हणाली आणि गेली. आरेखक मीठ आणायला बाहेर पडला, जणू अजून मिठाचंच काम बाकी होतं.

बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फोटो होता. मंडळाच्या प्रदर्शनात 'शुद्ध वाण' विभागात पहिल्या आलेल्या नराचा, मोठा करून घेतलेला. बक्षिसानंतर महिन्याभराने छायाचित्रकाराला घरी बोलावून काढलेला. खाली आरेखकाच्या अक्षरात नोंद आणि तारीख. तारीख बादलीच्या दीड वर्ष आधीची. रफूवालीने तो दर आठवड्याला पुसला होता, पण तिथे उजेड कधी पडतच नसे. आज तिने तो खिळ्यावरून उतरवला, मागच्या खोलीत नेला आणि आठ टाक्यांच्या मधून हात घालून खिडकीशी तिरपा धरला.

सगळा फोटो चकाकत होता. पाठीवरच्या पराशी मात्र ज्वारीच्या दाण्याएवढी जागा चकाकत नव्हती. तिथे कुणीतरी बारीक कुंचल्याने लाल शाई भरली होती. रंग बेमालूम जुळवलेला, कडा सफाईने मिटवलेल्या, पण पोत वेगळा. तिने नवऱ्याचं भिंग लावलं. लालच्या खालून काळं डोकावत होतं. तिला हसू आलं. फार कडू हसू. जन्मभर तिने लोकांची भोकं बुजवली, आणि घरातल्या घरात दुसरा रफूगार बसला होता.

आरेखक मिठाची पिशवी घेऊन आला तेव्हा ती तशीच फोटो धरून उभी होती.

"रफू कच्चं आहे," ती म्हणाली.

त्याने फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पिशवी खाली ठेवली.

"नर फिके निघायला लागले होते," तो म्हणाला. "तीन पिढ्या. लाल उतरून वीटकरी. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मी एक लाल, काळ्या ठिपक्याची प्लॅटी आणली. एकदाच. तिच्या पोरांना पुन्हा आपल्याच नरांशी जोडलं. तलवार आली, रंग आला. प्रदर्शनाच्या वेळी अंग स्वच्छ होतं गं त्याचं. ठिपका नंतर उमटला."

"आणि नंतरची पिल्लं?"

"ठिपका दिसला की बाजूला काढायचो. कुणाला कळायचं नाही. पण मंडळात कुजबुज सुरू झाली होती. बक्षिसाचा कप परत मागतील असं वाटत होतं. तेवढ्यात ऑपरेशन आलं."

"आणि माझी बादली."

त्याने मिठाची पिशवी पायाने टाकीखाली सरकवली.

"मला का नाही सांगितलंत? जगाला नका सांगू. मला."

"सांगणार होतो," आरेखक म्हणाला, आणि हे तो अगदी मनापासून म्हणाला, तेच वाईट. "खरंच सांगणार होतो. पण तू इतकी रडलीस की सांगायची सोयच राहिली नाही."

"आणि खोली?"

"खोली तू आपणहून दिलीस."

खोटं नव्हतं ते. वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे तिने ऐकलं होतं, पण वांग्याने स्वतः पुढे होऊन कढई धरावी, असं तिचं झालं होतं. तिला त्याचा राग आला, त्याहून स्वतःच्या त्या तीन दिवसांच्या रडण्याचा आला. पदरचे डोळे घालवून तिने याला आठ टाक्या खोटं पाळायला दिल्या होत्या.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "गुरुवारी ती मुलगी येईल. तिच्यासमोर एक वाक्य बोला. प्लॅटी मी आणली होती. बस."

"एवढ्या परक्या पोरीसमोर?"

"आजवर परक्यांसमोरच तर बोलत आलात."

तो हो म्हणाला.

गुरुवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मुलगी पिशव्या, डबे, वही घेऊन आली. तिने सरळच विचारलं, "काका, बादलीच्या आधी कधी मिसळ झाली होती का? मला नोंद बरोबर हवी." रफूवाली हातातलं काम ठेवून समोर बसली. आरेखकाने घसा साफ केला.

"झाली असावी थोडीशी," तो म्हणाला. "त्या काळी आम्हा दोघांनाही एवढं ज्ञान नव्हतं."

मुलीने लिहून घेतलं. दोघांनाही. रफूवालीला ते वहीतलं अक्षर एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी तिला ते दिसलं. ती उठली, न्हाणीघरातून बादली घेऊन आली. तीच ती, निळी, कडेला चीर गेलेली. वर चहाची गाळणी.

"किती मासे हवेत तुला?"

"सहा पुरेत, काकू."

"सगळे घेऊन जा."

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आमच्याकडे जागा आहे तशी, असं ती हळूच म्हणाली. रफूवालीने गाळणी नवऱ्याच्या हातात दिली. "काढा."

"सगळे? एकाच बादलीत?"

"एकाच."

आठ टाक्या रिकाम्या करायला त्याला दीड तास लागला. तो वाकून वाकून मासे काढत होता आणि मध्येच बायकोकडे पाहत होता, आता ती बस म्हणेल म्हणून. ती म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात माशांच्या दुकानदाराने टाक्या उचलून नेल्या. भिंतीवर क्षारांच्या आठ पांढऱ्या रेघा राहिल्या. रफूवालीने मशीन ढकलत ढकलत मागच्या खोलीत आणलं, खुर्ची खिडकीशी लावली आणि दारावरची पाटी काढून टाकली.

चारच दिवसांत जुन्या ओळखीतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. पाटी दिसली नाही म्हणून आल्या. आईची लोकरीची शाल होती, करड्या रंगाची, मधोमध कसरीचं भोक. "तुमच्याशिवाय कुणाच्या हाती दिली नसती," त्या म्हणाल्या. रफूवालीने शाल घेतली, ठेवून जा म्हणाली, आणि त्या गेल्यावर खिडकीशी जाऊन बसली.

उजेड तसाच होता, सरळ आणि थंड, बारा वर्षांत तसूभरही न बदललेला. भोक तिला बोटाला लागलं. डोळ्याला लागेना. करड्यात करडं, सगळं एकाच धुक्यात. तिने चष्मा काढला, घातला, नवऱ्याचं भिंग धरलं. सुईचं नेढं तिने अंदाजाने गाठलं, पण शालीच्या धाग्यांतला कुठला वर आणि कुठला खाली हे अंदाजाचं काम नाही. पहिल्या दिवशी वाटलं, सवय मोडली आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, सकाळ ढगाळ आहे. तिसऱ्या दिवशी तिने शालीची घडी घातली.

शिक्षिका न्यायला आल्या, तेव्हा तिने आरेखकाला आत बोलावलं आणि शाल त्याच्या हातात दिली.

"परत द्या त्यांना. म्हणावं, दिसत नाही आता. का दिसत नाही, ते त्या विचारतील. तेवढं तरी खरं सांगा. मी समोर नाही, म्हणजे तुम्हाला जड जायला नको."

तो शाल घेऊन बाहेर गेला. ती खिडकीशीच बसून राहिली, कान बाहेर.

"अगं बाई," शिक्षिकांचा आवाज आला. "त्यांचे डोळे म्हणजे... असं कसं झालं हो?"

उत्तर यायच्या आधी रफूवालीने चक्क आशा धरली. साठीची बाई, बारा वर्षांचा अनुभव, तरी धरली.

"वय झालं हो तिचं," आरेखक म्हणाला. "चालायचंच. बसा ना, चहा घेऊन जा. आज मीच टाकतो."

भांडं वाजलं, कप वाजले. शिक्षिका इकडचं तिकडचं बोलत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमचे मासे? गल्लीतली पोरं सांगत होती, टाक्या गेल्या म्हणून."

कपबशी सरकल्याचा आवाज आला. मग खुर्ची पुढे ओढल्याचा.

"काय सांगू तुम्हाला," आरेखक म्हणाला. "नऊ वर्षं मी माशांचा एक वाण सांभाळला. नऊ वर्षं. आणि आमच्या हिने..."

रफूवाली उठली. भिंतीचा आधार घेत बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. तो दुपारपर्यंत पोचला, बादलीपर्यंत पोचला, आणि जिथे थांबतो तिथे थांबला.

"त्या प्लॅटी पिवळ्या होत्या," ती म्हणाली.

शिक्षिका मनापासून हसल्या. त्यांना वाटलं, गोष्टीचं शेवटचं वाक्य बायकोने म्हणायचं, अशी या दोघांची पद्धतच असेल.